आत्ता की नंतर?

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

आजची अख्खी संध्याकाळ विंडोजच्या अपडेटपायी निळ्या पडद्याकडे बघण्यात गेली. ‘35% पूर्ण. संगणक बंद करू नका.’ नाही करत बाबा, माझी काय बिशाद!

एका पुस्तकाची शब्दसूची करत बसलो होतो. हे काम हाताच्या लयीवर चालतं: शब्द, पान क्रमांक, एंटर. शब्द, पान क्रमांक, एंटर. नजर छापील पानांवर, पडद्यावर नाहीच. ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ उरकले, ‘म’ निम्मा झाला आणि एक एंटर भलत्याच ठिकाणी बसला. नेमकी त्याच क्षणी मधोमध एक चौकट उगवली होती आणि तिच्यातलं ‘आत्ता रीस्टार्ट करा’ हे बटण आधीपासूनच निवडलेलं. मान वर केली तोवर एकेक खिडकी मिटत चालली होती. फाइल सेव्ह करायची का, हा प्रश्नही त्या धांदलीत दिसला आणि मी हात हलवायच्या आत विझला. मी ‘हो’ म्हटलं म्हणे. मी तर ‘मराठवाडा, 212’ म्हटलं होतं.

रीस्टार्ट का लागतो, हे मला कळतं. चालू असलेली फाइल प्रणालीने धरून ठेवलेली असते, ती सुटल्याशिवाय तिच्या जागी नवी ठेवता येत नाही. झोपलेल्याच्या अंगाखालची चादर बदलायची तर त्याला उठवावंच लागतं. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीत पुष्कळदा नवी फाइल बाजूला ठेवून भागतं, चालू प्रोग्रॅम जुनीच वापरत राहतो; पण कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलायचा तर तिथेही सहसा उठावंच लागतं. तेव्हा उठवा, तक्रार नाही. फक्त उठवण्याआधी हाक मारा.

आणि ते पर्याय! ‘आत्ता’ किंवा ‘नंतर’. ‘नको’ नाहीच. दारात उभ्या पाहुण्याने “आत्ता जेवू की थोड्या वेळाने?” असं विचारावं, तशातली गत. त्यात ती टक्केवारी. 35 वर वीस मिनिटं, मग एकदम 72, आणि 100 झाल्यावर पुन्हा ‘थोडं थांबा’. तो आकडा वेळेचा नसतो, हे माहीत असूनही मी घड्याळाशी त्याचं त्रैराशिक मांडत बसलो.

तसा मीही धुतल्या तांदळाचा नाही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आलेलं हे अपडेट, नऊ दिवस मी ‘नंतर’वर टोलवत होतो. 2017 साली वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो 12 मे रोजी. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट 14 मार्चलाच आलं होतं. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. मधल्या दोन महिन्यांत ‘नंतर’ दाबणारे माझ्यासारखेच कितीतरी असणार. हे सगळं मला पाठ आहे, तरी उद्या चौकट आली की बोट ‘नंतर’कडेच जाणार. कारण ती कधीच मी रिकामा असताना येत नाही. किंवा येत असेलही, तेव्हा मी पडद्यासमोर नसतो.

पाऊण तासाने संगणक जागा झाला. नवीन काय आलं म्हणून बघितलं, तर खालच्या पट्टीवर मी न मागितलेलं एक चिन्ह. ते काढलं. मग सेटिंगमध्ये जाऊन कामाचे तास, म्हणजे ज्या वेळात तो आपणहून रीस्टार्ट होणार नाही ते, भरायला घेतले. सकाळी आठपासून मध्यरात्रीनंतर तीनपर्यंत टाकले, तर घेईना. जास्तीत जास्त अठरा. म्हणजे मी कमीत कमी सहा तास झोपायचं, हेही तिकडेच ठरलंय. दोनपर्यंत केलं.

आपोआप जतन झालेली प्रत सापडली, पण ती ‘न’पर्यंतचीच. चहा ठेवलाय. आता ‘प’पासून पुन्हा.