पंधराव्या खुर्चीवरून फळ्यापर्यंत

बास्केटबॉलपटू केव्हिन ऑलीला १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणीही घेतलं नाही. कनेक्टिकट विद्यापीठातून बाहेर पडल्यावर तो सीबीए या दुय्यम लीगमध्ये खेळला. एनबीएत पाऊल पडलं ते १९९७ मध्ये, आणि तिथून तेरा मोसमांत अकरा फ्रँचायझी झाल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं. याच ऑलीने २०१४ मध्ये आपल्या जुन्या विद्यापीठाचा कोच म्हणून, सातव्या मानांकनाच्या संघासह, केंटकीला ६०-५४ ने हरवून अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद मिळवलं.

त्याची गोष्ट जगावेगळी नाही. संघ बदलत फिरलेले पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून चाल सुरू करणारे खेळाडू) पुढे कोच झालेले बरेच दिसतात. स्कॉट ब्रूक्सही ड्राफ्टबाहेरचा. सहा संघांत खेळला, त्यातल्या ह्यूस्टनबरोबर १९९४ चं विजेतेपद बाकावरून पाहिलं, आणि २०१० मध्ये ओक्लाहोमा सिटीचा कोच म्हणून 'कोच ऑफ द इयर' ठरला. एव्हरी जॉन्सन, टायरॉन लू, जाक व्हॉन, रॉयल आयव्ही ही नावंही याच माळेतली.

'पॉइंट गार्ड म्हणजे मैदानावरचा कोच' हे समालोचकांचं ठेवणीतलं वाक्य इथे फारसं काही सांगत नाही. तसं असतं तर सगळे महान पॉइंट गार्ड महान कोच झाले असते. एकाच संघाच्या एकाच पद्धतीत दहा वर्षं राज्य केलेल्या खेळाडूला त्या पद्धतीचं भाषांतर कधी करावंच लागत नाही. फिरस्त्या गार्डला ते दर मोसमात करावं लागतं, कधी कधी एकाच मोसमात तीनदा.

असं का होतं, हे करारांच्या कॅलेंडरवरून कळतं. एनबीए संघात नियमित कराराच्या जागा पंधरा. तिसरा पॉइंट गार्ड बहुतेक वेळा तेराव्या ते पंधराव्या खुर्चीवर असतो आणि त्याचा करार पूर्ण हमीचा नसतो. १० जानेवारीला असे करार आपोआप पक्के होतात. सोडलेला खेळाडू ४८ तास वेव्हर्सवर राहतो (तेवढ्यात दुसरा संघ त्याला उचलू शकतो), म्हणून संघांना निर्णय ७ जानेवारीपर्यंत उरकावा लागतो. तिकडे ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दारातून लोक बाहेर पडत असतात आणि दुसऱ्यातून आत येत असतात. दहा दिवसांचा करार म्हणजे दहा दिवस किंवा तीन सामने, यातलं जे जास्त लांबेल ते. एका संघाशी एका मोसमात असे दोनच करार करता येतात. नंतर उरलेल्या मोसमासाठी सही, नाहीतर रामराम.

यातला एक नियम अनुभवी खेळाडूच्या बाजूने आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. किमान पगार अनुभवाच्या वर्षांनुसार वाढत जातो. मग संघ दहा वर्षं खेळलेल्या महाग गार्डऐवजी स्वस्त पोरगा का घेत नाही? कारण एक वर्षाच्या किमान करारात संघाच्या खात्यावर दोन वर्षं अनुभवाच्या खेळाडूइतकीच रक्कम पडते, वरचा फरक लीग भरते. हा नियम नसता तर फिरस्त्यांची कारकीर्द पाच-सहा वर्षांतच आटोपली असती. २०१७-१८ पासून टू-वे करार (एनबीए आणि तिच्या दुय्यम लीगमध्ये ये-जा करणाऱ्यांचे) आले, तिथे मात्र जागा तरुणांनाच जातात.

आता खरं काम. नव्या संघात मंगळवारी पोचायचं आणि गुरुवारी सामना. हातात टॅबलेट, त्यात साठ-सत्तर आखलेल्या चाली. प्रत्येकीला वेगळं नाव: कुठे प्राण्याचं, कुठे शहराचं, कुठे मूठ दाखवायची. पाठांतर करणारा इथेच बुडतो. जाणकार गार्ड आधी सुरुवातीच्या रचनेवरून गठ्ठे पाडतो. दोन उंच खेळाडू फ्री थ्रो रेषेच्या टोकांना आणि दोन शूटर कोपऱ्यांत, म्हणजे 'हॉर्न्स'. शूटर बास्केटखालून दोन्हींपैकी एका बाजूच्या स्क्रीनवरून (रक्षकाची वाट अडवून उभ्या साथीदारामागून) निघणार, म्हणजे 'फ्लॉपी'. मधला पिक अँड रोल (बॉलवाल्यासाठी स्क्रीन लावायची आणि लगेच बास्केटकडे वळायचं, म्हणजे 'रोल'), बाजूचा पिक अँड रोल, हातातून हातात बॉल देणारी चाल, आणि रोल करणाऱ्या उंच खेळाडूच्या रक्षकालाच मागून स्क्रीन लावणारी 'स्पेन'. सात-आठ गठ्ठ्यांत बहुतेक वही बसते. मग प्रत्येक चालीसाठी चारच प्रश्न उरतात: मी कुठे उभा, पहिला पास कोणाला, तो पास अडवला तर काय, आणि चाल फसली तर शॉट क्लॉकचे (शॉट घ्यायच्या २४ सेकंदांच्या घड्याळाचे) शेवटचे सात सेकंद बॉल कोणाकडे.

दुसऱ्या खेळाडूंना एवढं पुरतं, पॉइंट गार्डला नाही. त्याला बाकी चौघांच्या जागाही माहीत लागतात, कारण गोंधळ झाला की चौघंही त्याच्याकडेच बघतात. बचावातही तीच तऱ्हा. बाजूच्या पिक अँड रोलवर ड्रिबल करणाऱ्याला मध्ये येऊ न देता बेसलाइनकडे (बास्केटमागच्या रेषेकडे) ढकलायचं, याला एक संघ 'आइस' म्हणतो, दुसरा 'ब्लू', तिसरा 'डाउन'. काम एकच. पण जुन्या संघाचा शब्द तोंडातून निघाला तर मागचा उंच खेळाडू अर्धा सेकंद थबकतो, आणि तेवढ्यात समोरचा बास्केटखाली पोचलेला असतो. अशा शब्दांची मनातल्या मनात पाच-सहा वेळा अदलाबदल केली की नावाखालची चाल दिसू लागते. पुढे कोच म्हणून लागणारं भांडवल ते हेच.

युरोपात गेलं की शब्दांबरोबर नियमही बदलतात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) खेळात ४८ ऐवजी ४० मिनिटं, सहाऐवजी पाच फाउलला बाहेर, तीन गुणांची रेषा समोरून ७.२४ मीटरऐवजी ६.७५. हे आकडे सगळ्यांना ठाऊक असतात. घोळ होतो तो दोन जागी. एक, एनबीएत बॉल हातात असलेला खेळाडू खेळ चालू असतानाच टाइमआउट मागू शकतो. फिबात तो फक्त कोच किंवा त्याचा पहिला सहायक मागू शकतो, आणि मिळतो तो बॉल थांबल्यावर किंवा आपल्यावर बास्केट झाल्यावर. कोपऱ्यात दोघांनी कोंडलेला अमेरिकन गार्ड हातांनी 'टी' करत राहतो, पंच पाहतही नाहीत. दोन, फिबात बचावाला तीन सेकंदांचं बंधन नाही. एनबीएत कोणालाही न राखता बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही, म्हणून आत शिरायला मोकळी वाट मिळते. युरोपात उंच सेंटर तिथेच ठाण मांडून असतो. एनबीएत वेगावर गुण करणारा गार्ड पहिला महिनाभर त्याच्यावर जाऊन आदळतो. तिथे टिकतो तो फ्लोटर (उंच खेळाडूच्या हातांवरून हलकेच टाकलेला शॉट) आणि 'पॉकेट पास' (दोन रक्षकांमधून रोल करणाऱ्याला दिलेला छोटा पास) शिकलेला.

पगाराचंही सांगायला हवं. काही क्लब तीन-तीन महिने पैसे थकवतात. फिबाने २००७ मध्ये जिनिव्हात यासाठी लवाद उभा केला, आज तो बीएटी म्हणून ओळखला जातो. पण करारात त्या लवादाचं कलम असेल तरच तो तक्रार ऐकतो. सही करण्याआधी आकड्याच्याही आधी हे कलम शोधावं.

खेळणं थांबलं की पहिली नोकरी बहुधा डोळ्यांत भरणारी नसते. लू २००९ मध्ये बॉस्टनच्या कर्मचारी वर्गात शिरला तो खेळाडू विकासाच्या कामावर. आयव्ही आधी ओक्लाहोमा सिटीच्या डी-लीग (एनबीएची दुय्यम लीग) संघात सहायक होता. व्हिडिओ खोलीत एका सामन्यात प्रत्येक बाजूच्या साधारण शंभर चढाया असतात. प्रत्येकीवर कोणती चाल, कोणता बचाव, चूक कोणाची अशा खुणा करायला तीन-चार तास सहज जातात. यातून खेळाडूंसमोर न्यायच्या दहा-बारा क्लिप. जास्त नेल्या तर मागच्या रांगेत डुलक्या सुरू होतात. माजी खेळाडूला हे काम जड जातं, कारण त्याला एका नजरेत दिसतं आणि खुणा करणं वेळखाऊ वाटतं. ज्यांनी ही पायरी टाळली त्यांचा कच्चेपणा पुढे दिसतो, असं माझं मत.

दिवसाचं दुसरं काम म्हणजे सामन्यात न उतरलेल्यांना तयार ठेवणं. सकाळी तिघे विरुद्ध तिघे, माणूस कमी पडला की सहायक कोच स्वतः जर्सी चढवतो. बाकावरच्या माणसाला नेमकं काय खुपतं हे फिरस्त्याला सांगावं लागत नाही. कमी वेळ मिळतो याचा राग कमी असतो. आज उतरणार की नाही हे कळत नाही, त्याचा जास्त. 'दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला चार मिनिटं, त्यांच्या पहिल्या बदली गार्डवर' एवढं सकाळी सांगितलं तरी माणूस दिवसभर नीट वागतो.

अडचण येते शिकवताना. वीस वर्षं पिक अँड रोल खेळलेल्या माणसाला तीन गोष्टी एकदम दिसतात: आपल्याला राखणारा रक्षक स्क्रीनच्या वरून येतोय की खालून, त्यांचा उंच खेळाडू किती पुढे उभा आहे, आणि पलीकडच्या बाजूने रोल अडवायला कोण आत सरकलंय. तो पोराला म्हणतो, 'वाच ना!' पोराने काय वाचायचं? म्हणून तुकडे पाडावे लागतात. आधी दोघे विरुद्ध दोघे, आणि नजर फक्त रक्षकाच्या कमरेवर. तो स्क्रीनखालून गेला तर थांबून शूट, वरून आला तर त्याला पाठीवर अडकवून पुढे. हे अंगवळणी पडल्यावर उंच खेळाडू: मागे थांबला तर मधल्या पट्ट्यातून फ्लोटर किंवा शूट, अंगावर आला तर रोल करणाऱ्याला लगेच पास. मग तिसरा गडी घालून तिघे विरुद्ध तिघे: तो आत सरकला की कोपऱ्यात पास. मग चार विरुद्ध चार. पायरी गाळली की पोरगा तिन्हीकडे बघतो, एकही धड बघत नाही, आणि बॉल कोपऱ्याऐवजी प्रेक्षकांत जातो.

दुसरी खोड दर चढाईला चाल ओरडण्याची. खेळताना तेच काम होतं ना! साइडलाइनवरून तेच केलं की मैदानावरचा गार्ड प्रत्येक वेळी बाकाकडे बघायला लागतो आणि शॉट क्लॉकचे चार-पाच सेकंद फुकट जातात. काही प्रसंग आधीच ठरवून ठेवावेत आणि उरलेलं सोडून द्यावं. उदाहरणार्थ, क्वार्टरच्या अखेरचं 'दोनास एक'. ३५ व्या सेकंदाच्या आसपास बॉल मिळाला तर ३० च्या आगेमागे शॉट घ्यायचा. समोरच्याने आपले २४ सेकंद पूर्ण वापरले तरी आपल्याला चार-पाच उरतात. एनबीएतले चांगले बदली गार्ड हे घड्याळ न बघता करतात.

आणि एक दोष थेट गुणाच्याच पोटातून येतो. जन्मभर यजमानाच्या घरच्या रीतीने राहिलेला माणूस प्रतिस्पर्ध्याशीही जुळवून घ्यायला बघतो. २००७ मध्ये एव्हरी जॉन्सनच्या डॅलसने ६७ सामने जिंकले होते. पहिल्या फेरीत समोर आठव्या मानांकनाचा गोल्डन स्टेट, बुटका आणि वेगवान. जॉन्सनने पहिल्याच सामन्यात सुरुवातीची पाचजणांची फळी बदलून संघ छोटा केला. डॅलस तो सामना हरला आणि मालिकाही. मालिकेचं एकच कारण काढणं बरोबर नाही, पण ६७ सामने जिंकलेल्या संघाने पहिली चाल समोरच्याच्या तालावर का खेळावी, हा प्रश्न उरतोच. हाच जॉन्सन १९९९ च्या अंतिम मालिकेत कोपऱ्यातून निर्णायक शॉट मारून सॅन अँटोनिओला ७८-७७ ने जिंकवून गेला होता.

उलट बाजूचं उदाहरण आयव्हीचं. २०२४ मध्ये तो दक्षिण सुदानचा कोच होता. दक्षिण सुदानचा संघ वर्षातून काही आठवडेच एकत्र येतो, खेळाडू जगभरच्या लीगमधून येतात, प्रत्येकाच्या तोंडी वेगळ्या संघाची भाषा. अशा वेळी साठ चालींची वही आणणारा कोच कामाचा नाही. थोड्या चाली, सगळ्यांना समजतील असे शब्द, आणि दोन दिवसांत उभी राहील अशी रचना, हे दहा दिवसांच्या करारावर जगलेल्याला चांगलं जमतं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या सराव सामन्यात ते अमेरिकेकडून १०१-१०० असे एकाच गुणाने हरले, आणि आठ दिवसांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्यूर्तो रिकोला ९०-७९ ने हरवलं.

राहता राहिला टाइमआउटचा फळा. फिबात ६० सेकंद, एनबीएत ७५. पहिले पंधरा-वीस खेळाडूंचे: बसायचं, पाणी प्यायचं, श्वास घ्यायचा. तेवढ्यात कोच बाजूला सहायकांशी बोलून घेतो. शेवटचे दहा उठण्यात जातात. मध्ये उरलेल्या अर्ध्या मिनिटात बचावाची एक सूचना आणि एक चाल, यापेक्षा जास्त काही डोक्यात शिरत नाही. फिबात अखेरच्या दोन मिनिटांत कोचला आणखी एक ठरवायचं असतं: बॉल पुढच्या अर्ध्यातून आत घ्यायचा की मागून. पुढून घेतला तर शॉट क्लॉकवर जास्तीत जास्त १४ सेकंद मिळतात. आघाडीवर असताना वेळ खायचा असेल तर मागूनच बरं, आणि घाईत हे विसरणारे कोच मोठ्या स्पर्धांतही दिसतात. फळा खेळाडूंच्या बाजूने धरावा, बास्केट त्यांना मैदानावर दिसेल त्याच दिशेला. बॉल आत कोण टाकणार तिथून सुरुवात, मग पहिली स्क्रीन, मग बॉलचा रस्ता. पाच बाण एकदम काढले की कोणीच आपला शोधत नाही. आणि उठायच्या आधी बॉल टाकणाऱ्याला विचारावं, पहिला पास अडवला तर कोणाकडे? त्याने बोट दाखवलं नाही तर चाल बदलायला अजून पाच सेकंद असतात.