पद्मिनीचा मागचा ॲक्सल

गोव्यातील हरमल येथील घराच्या पडवीत गेले दोन पावसाळे मी माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या मागच्या सस्पेन्शनवर, म्हणजे गाडीचा भार पेलून धक्के झेलणाऱ्या रचनेवर, काम करीत आहे. मूळ रचनेत पाट्यांच्या स्प्रिंगा केवळ भार पेलत नाहीत, तर ॲक्सललाही (दोन्ही चाकांमधला आडवा कणा) जागेवर धरून ठेवतात. म्हणूनच त्यांच्या जागी वेटोळ्यांच्या कॉइल स्प्रिंगा बसवताना ॲक्सल पुढेमागे सरकू नये व पिळू नये यासाठी ४ दांडे, आणि आडवा सरकू नये यासाठी एक पॅनहार्ड दांडा (एक टोक गाडीच्या सांगाड्याला व दुसरे ॲक्सलला जोडलेला आडवा दांडा) द्यावा लागला. हा दांडा मी शक्य तितका लांब ठेवला, कारण आखूड दांडा चाके वरखाली होताना ॲक्सलला बाजूला अधिक ओढतो. खाऱ्या हवेने कुजलेला पत्रा कापून नवा जोडल्याशिवाय मात्र दांडे अडकवायचा एकही ब्रॅकेट वेल्ड केला नाही. तिथे तडजोड मला मान्य नाही. दांड्यांच्या टोकांच्या सांध्यांत बसणारे लवचीक बुश अद्याप यायचे आहेत.