धन्याच्या हाताकडे लागलेले डोळे

प्रार्थनेला बसले की मन जागेवर राहत नाही, ही तक्रार आमच्या ख्रिस्ती मंडळीत जवळजवळ प्रत्येकाची असते, परंतु ती कोणी मोठ्याने सांगत नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत आजारपणाची, नोकरीची, मुलामुलींच्या लग्नाची विनंती उघडपणे मांडली जाते. "माझे लक्ष देवाकडे लागत नाही, त्यासाठी प्रार्थना करा" अशी विनंती मात्र मी आजवर ऐकलेली नाही. खासगीत कोणी बोललेच, तर त्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो: डोळे घट्ट मिटा, मन एकाग्र करा, आणखी लवकर उठा. लवकर उठण्याविषयी माझे काही म्हणणे नाही, कारण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, काम करणाऱ्याला पहाटेखेरीज निवांत वेळ मिळतच नाही. एकाग्रतेच्या सल्ल्याविषयी मात्र आहे. मन आवळून धरले की थोड्याच वेळात माणूस आपल्या एकाग्रतेकडेच पाहू लागतो. ती किती टिकली, केव्हा तुटली, याचाच हिशोब मनात चालतो आणि ज्याच्याशी बोलायचे होते तो बाजूला राहतो.

हा त्रास मोबाइलच्या काळात सुरू झाला असे समजण्याचे कारण नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इ.स. ४०० च्या सुमारास आपले आत्मनिवेदन लिहिले, त्यात तो कबूल करतो की घरी बसलेला असताना माश्या पकडणारी पाल किंवा जाळ्यात सापडलेल्या माशीला गुंडाळणारा कोळी दिसला, तरी त्याचे लक्ष तिकडे ओढले जाते. तेथून तो सृष्टिकर्त्याच्या स्तुतीकडे वळतो खरा, पण पाहायला लागलो तेव्हा स्तुतीचा हेतू नव्हता, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो. पडल्यावर चटकन उठणे वेगळे आणि मुळात न पडणे वेगळे, असा त्याचा स्वतःवरचा शेरा आहे. अशाच क्षुल्लक गोष्टींनी प्रार्थनासुद्धा खंडित होतात, असेही तो पुढे म्हणतो. आमच्याकडे संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत ट्यूबलाइटखाली जी पाल किड्यांसाठी टपून बसलेली असते, तिच्याकडे घरातील निम्म्या मंडळींचे डोळे असतात. तेव्हा सोळाशे वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील त्या बिशपाविषयी मला फार जवळीक वाटते.

तथापि सगळे भरकटणे पालीच्या जातीचे नसते. जून महिना उजाडला आणि पाऊस लांबला की आमच्या प्रार्थनासभेत पुढचा माणूस मंडळीच्या कार्यासाठी, पाळकांसाठी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करीत असतो आणि मागे बसलेल्यांचे कान खिडकीबाहेर ढग गडगडतो का, याकडे असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो काळ ज्याने मराठवाड्यात काढला आहे त्याला पावसाची चिंता ही प्रार्थनेतील व्यत्यय आहे असे कोणी सांगू नये. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांचे पुस्तक, उघडून पाहिली तर तिच्यात शत्रू, आजार, उपहास, भूक हे सारे देवापुढेच मांडलेले दिसते. मन वारंवार जिकडे धावते ती गोष्ट पुष्कळदा खऱ्या विनंतीचा विषय असते, आणि आपण मात्र तिला बाहेर उभे करून, आपल्याला फारसे काही वाटत नाही अशा विषयांवर चांगल्या भाषेत बोलत राहतो. त्या चिंतेलाच हाताला धरून आत आणले, तर लक्ष वेगळे आणावे लागत नाही.

या सगळ्याचा विचार करताना मला १२३ वे स्तोत्र सर्वांत उपयोगी पडले आहे. यरुशलेमेकडे यात्रेस जाताना गायच्या स्तोत्रांपैकी ते एक असून अवघ्या चार वचनांचे आहे. दासांचे डोळे जसे धन्याच्या हाताकडे आणि दासीचे डोळे जसे धनिणीच्या हाताकडे लागलेले असतात, तसे आमचे डोळे परमेश्वराकडे लागले आहेत, असे त्यात म्हटले आहे. धन्याच्या चेहऱ्याचा उल्लेख येथे नाही, हाताचा आहे, आणि यात मला फार अर्थ वाटतो.

मी जालन्याच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली की दुकानापुढे मालाचे ढीग लागतात. लिलाव एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकतो, बोली लावणारे एकमेकांच्या वरताण ओरडतात, हमाल पाठीवर पोते घेऊन वाट मागतात आणि मापाडी काट्यावरचे वजन पुकारत असतो. त्या गलक्यात आमचे शेटजी तोंडाने फारसे काही बोलत नाहीत. ते मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहतात, एखादा दाणा दाताखाली धरतात, आणि भाव पटला की उजव्या हाताची दोन बोटे किंचित खाली करतात. तेवढ्यावर मी खरेदीदाराचे नाव आणि भाव वहीत उतरवतो. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत नसतो, कारण तसे केले तर एकही ओळ लिहून होणार नाही. माझी नजर वहीवर, काट्यावर, समोरच्या शेतकऱ्यावर फिरत असते, पण त्या हाताचे भान सुटत नाही. हात हलला की कळते. स्तोत्रकर्त्याला दासांच्या डोळ्यांविषयी हेच सांगायचे असावे, असे मला वाटते. दास रिकामा बसून धन्याचे ध्यान करीत नाही. तो पाणी भरतो, ताट मांडतो, आणि इशारा झाल्याबरोबर वळतो.

शिवाय त्या दासाला अन्नही त्याच हातातून मिळते. स्तोत्राच्या उत्तरार्धात गाणारे लोक गर्विष्ठांच्या तिरस्काराने जीव विटला असल्याचे सांगतात आणि देव दया करीपर्यंत नजर हटवणार नाही म्हणतात. म्हणजे त्यांचे लक्ष सरावातून आलेले नाही, गरजेतून आलेले आहे. आमच्या ज्या पूर्वजांनी गावकुसाबाहेर राहून प्रभूचे नाव घेतले, त्यांना या ओळी समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

मोंढ्यात देवाचा तो हात कसा दिसतो, असे कोणी विचारले तर मी एखादे दर्शन सांगू शकत नाही. ओलावा मोजण्याच्या यंत्रावर आकडा वर जातो, भाव उतरतो, आणि दूरच्या खेड्यातून भाड्याच्या टेम्पोने माल घेऊन आलेला शेतकरी हिशोबपट्टी हातात धरून हमाली किती, तोलाई किती, उचल किती वळती केली, हे पुन्हा पुन्हा विचारतो. मागे रांग वाढत असते. त्या घटकेला माझ्या ओठांवर प्रभूचे नाव आहे की नाही यापेक्षा हा माणूस मला दिसतो आहे की नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

परंतु एवढ्यावरून "काम हीच प्रार्थना" असा जो सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटात राहणाऱ्या अंतोनी या साधूची एक जुनी गोष्ट सांगितली जाते. मनात विचारांचा गोंधळ माजून तो कंटाळला असता त्याला आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोर वळत होता, मग काम ठेवून प्रार्थनेला उठत होता, आणि पुन्हा बसून दोर वळत होता. असे कर म्हणजे तुझे तारण होईल, असे त्याला सांगण्यात आले. दोर वळणे चालू होतेच, पण त्यातून उठणेही होते. येशू घरी आला असता मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतली आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, या गोष्टीवर होणारे बहुतेक संदेश, म्हणजे प्रवचने, मला म्हणूनच अपुरे वाटतात. प्रभूने मार्थेला स्वयंपाकाबद्दल बोल लावलेला नाही. पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग यांवर त्याने बोट ठेवले. (संदेश संपल्यावर जेवायला बसणारे आम्ही पुरुष मार्थेला दोष देतो, हा भाग वेगळाच.)

उठायलाही जमत नाही, अशा वेळेसाठी जुन्या लोकांनी फार लहान प्रार्थनांचा मार्ग सांगितला आहे. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, राजाने "तुला काय हवे?" असे विचारल्यावर उत्तर देण्यापूर्वी त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, असे शास्त्रात लिहिले आहे. राजासमोर उभे राहून ती कितीशी लांब असणार? ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या विधवा स्त्रीला लिहिलेल्या पत्रातही मिसरमधील बंधूंचा, म्हणजे तेथील साधूंचा, उल्लेख आहे: त्यांच्या प्रार्थना वारंवार पण अगदी आखूड, जणू भिरकावल्यासारख्या असतात, कारण लांबण लागली की जागृत लक्ष बोथट होते. माझी आजी कापूस वेचायला जात असे. कमरेला बांधलेल्या ओटीत बोंडातला कापूस पडत असताना "प्रभू येशू, दया कर" एवढेच ती म्हणे, आणि तेही सारखे नव्हे, सरी संपून वळताना. तिने मिसरच्या बंधूंचे नाव ऐकलेले असणे शक्य नव्हते. जात्यावर दळता दळता विठ्ठलाला हाक मारणाऱ्या जनाबाईंचे गंगाखेड मात्र तिच्या माहेरच्या वाटेवर होते, आणि शेतात तिच्या दोन्ही बाजूंना ओव्या चालत. कामात देवाचे नाव घेण्याची रीत आमच्या बायकांना मिशनने नव्याने शिकवावी लागली नाही, असे मी म्हणतो तेव्हा काही बंधूंना ते आवडत नाही. नाव कोणाचे घ्यायचे, हे मिशनने शिकवले, आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे.

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती गावाला बेथेल हे नाव दिले. बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील ते ठिकाण याकोबाला झोपेत गवसले होते. उशाला धोंडा घेऊन तो निजला, आणि जागा झाल्यावर म्हणाला की परमेश्वर येथे होता आणि मला ते ठाऊक नव्हते. लक्ष नसलेल्या माणसालाही देव भेटला, याचा तो दाखला आहे, आणि प्रार्थनेत डुलकी लागणाऱ्यांना तो माझ्या मते पुरेसा सांगितला जात नाही.

घरी आम्ही दोन साधे बदल केले. कुटुंबप्रार्थनेचे वाचन मोबाइलवरील पवित्र शास्त्रातून न करता छापील पुस्तकातून करतो, कारण वचनाच्या डोक्यावर कोणाचा तरी संदेश येऊन टपकला की वाचणाऱ्याचा आवाजच बदलतो. आणि प्रार्थना सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनात आत्ता काय चालले आहे ते एका वाक्यात सांगायचे. धाकटी एकदा "भूक लागली आहे" म्हणाली. त्या दिवशी प्रभूने शिकवलेली प्रार्थना तिच्यातील रोजच्या भाकरीच्या मागणीपासूनच सुरू झाली.

मंडळीत हे तितके सोपे गेले नाही. वाचनानंतर थोडा वेळ शांत बसावे, अशी सूचना मी मांडली आणि पाळकांनी ती स्वीकारली. पहिल्याच रविवारी ती शांतता पसरल्यावर पुढच्या बाकावरील एका ज्येष्ठ बंधूंनी पाळकांना गाणे विसरले असे समजून स्वतःच गीताचा क्रमांक पुकारला, पेटीवाल्याने सूर धरला, आणि ढोलकही लागले. आता शांततेआधी पाळक तशी सूचना देतात. ज्येष्ठांचे म्हणणे असे की टाळ-पेटीशिवाय त्यांचे मन देवाकडे लागत नाही, आणि त्यांचा भजनातील चेहरा पाहिल्यावर मला ते खोडून काढता येत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा निघणार आहे.