आखाजीनंतरच्या रविवारी सात कुटुंबं

जळगावात जुनं घर विकायचं म्हटलं की किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची आणि गिऱ्हाईक सवडीनं येऊन बघून जाणार, ही रीत. या घराचे मालक पुण्याला असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते आणि त्यांची बहीण दोघं चार-सहा दिवस गावी असणार होते, म्हणून ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं त्या सगळ्यांना एकाच रविवारी बोलवायचं ठरलं. वेळ सकाळी 8 ते 11. अकरानंतर स्लॅब तापतो आणि वरच्या खोलीत कुणी दोन मिनिटं थांबत नाही. संध्याकाळी भिंती दिवसभराची धग बाहेर टाकत असतात. मे महिन्यात सकाळ तेवढी घराच्या बाजूनं असते.

घर 1990च्या आसपासचं, प्लॉट 1500 चौरस फुटांचा, खाली तीन खोल्या, वर एक. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा. तीन वर्षं कुलूपबंद. ते दाखवण्याजोगं करायचं काम माझ्याकडे, हातात बारा दिवस.

दार उघडल्याबरोबर गटारीचा भपका आला. मालक फोनवर म्हणाले, "भाऊ, लाइन तुंबलेली दिसते, खोदावं लागेल." तुंबलं काही नव्हतं. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यात, दोनेक इंच पाणी साठून राहतं आणि तेच गटारीचा वास नि झुरळं अडवून धरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, घर बंद असलं की ते पाणी आटून जातं. मोरी, न्हाणीघर, बेसिन, संडास, प्रत्येक ठिकाणी बादलीभर पाणी ओतलं, वरून चमचाभर गोडं तेल सोडलं. तेलाचा तवंग बाष्पीभवन अडवतो. खिडक्या उघड्या ठेवल्या, संध्याकाळपर्यंत वास गेला.

फरशीवर मात्र थोडक्यात वाचलो. सफाईवाल्यानं अ‍ॅसिडचा कॅन आणलेला आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी हातभर जागेवर ओतलाही होता. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी, दोन्ही अ‍ॅसिड खातं. शहाबादीचंही तेच. तेवढा भाग खरखरीत, पांढरट झाला तो झालाच, तिथे पायपुसणं टाकलं नाही, तसाच दिसू दिला. बाकी फरशी साबणाच्या पाण्यानं काथ्यानं घासून मग मशीनवाल्याकडून पॉलिश. नळांवरच्या पांढऱ्या थरासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व, त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळायचं. जास्त वेळ ठेवलं तर नळाची चमक जाते. आणि अ‍ॅसिड नि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात माणूस गुदमरतो.

खरा प्रश्न मागच्या भिंतीचा होता. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली भेग, सर्वांत रुंद जागी दोन मिलिमीटर. मालकांचं म्हणणं, पुट्टीचे दोन हात मारा, वर रंग, कोण बघतंय. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. गच्चीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात सुटलेला, त्यामुळे तिथली माती पावसाळ्यात इतर जागेपेक्षा जास्त फुगायची. आता जोत्याला लागून बोट जाईल एवढी फट होती. अशी भेग मे महिन्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. आत्ता टणक पुट्टी भरली तर पावसाळ्यात दाब येऊन ती फुगून सुटणार, आणि घेणारा पहिल्याच श्रावणात दारात उभा.

म्हणून भेग झाकली नाही. पाइप सहा फूट पुढे नेऊन गटारीत सोडला, जोत्यालगतच्या फटीत मुरूम ओला करून धुमसला, वर बाहेर उतार देऊन काँक्रीट केलं. इंजिनिअर आणून दाखवलं. त्यांनी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खुणा करून तारीख टाकली, एका पानावर कारण, उपाय आणि खर्चाचा अंदाज लिहून दिला. ते पान फाइलीत सगळ्यांत वर.

फाइल म्हणजे झेरॉक्स: खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल. आधार नंबर खोडलेले. वडिलांनंतर वारस नोंद झाली होती, उताऱ्यावर बहिणीचंही नाव होतं, आणि ताई स्वतः समोर बसल्या होत्या. आपल्याकडे किमतीच्याही आधी हा प्रश्न येतो, "किती नावं आहेत?"

रंगात फार पैसे घातले नाहीत, फक्त पुढची खोली आणि स्वयंपाकघर. तेही रविवारच्या आठ दिवस आधी संपवलं, कारण ताज्या रंगाचा वास आला की माणूस भिंतीत काय दडवलंय ते शोधायला लागतो. अगरबत्तीचा धूर, फिनाईलचा उग्र दर्प, यांचंही तसंच. दिवे सगळे एकाच रंगाचे लावले. एका खोलीत पांढरा, दुसऱ्यात पिवळा असला तर भिंतीच वेगळ्या दिसतात. गच्चीवर 10 किलो कळीचा चुना आदल्या रात्री विरवून (तो उकळतो, डोळे सांभाळावेत), गाळून, चिकटद्रव्य घालून संध्याकाळच्या वेळी दोन हात दिले.

कूलरचं जुनं गवत फेकलं. तीन वर्षं वाळलेलं गवत भिजलं की बुरसट वास देतं. नवं गवत लावून पहिलं पाणी ओतून दिलं. पत्र्याचा कूलर, म्हणून अर्थिंग तपासलं. पंप क्षार साचून जाम झालेला, तो बदलला. सकाळी 7 वाजता कूलर सुरू करताना समोरची खिडकी उघडी ठेवली. हवेला बाहेर जायला वाट नसली तर खोली गार होत नाही, दमट होते.

प्रत्येकाला वेगळी वेळ दिली होती. आले बहुतेक सगळे 9 वाजता, आजी, मामा, जावई धरून. दारात चपलांचा ढीग. चहा ठेवलाच नव्हता, ओटा कोरडा राहायला हवा होता. वाळा घातलेला माठ आणि पेले तेवढे. गर्दीचा एक फायदा असा की दुसऱ्यासमोर कुणी घासाघीस करत नाही. तोटाही तोच, अडचणीचे प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. म्हणून प्रत्येक घराला फाइल घेऊन पाच मिनिटं वरच्या खोलीत एकटं बसू दिलं.

अमळनेरकडच्या एक आजी आल्या आल्या म्हणाल्या, "पानी रोज येस का?" नाही येत, हे सांगितलं, खालची टाकी किती लिटरची, तेही सांगितलं. मग त्या थेट गच्चीवर. बिबड्या-कुरडया वाळवायला सावली नसलेली जागा किती, ते त्यांनी पावलं टाकून मोजलं. नकाशापेक्षा त्या मोजणीवर त्या कुटुंबाचा जास्त भरवसा दिसला.

पाचव्या कुटुंबानं आपला गवंडी आणलेला. त्यानं किल्लीचं टोक भेगेत घालून पाहिलं, जोत्याशी बसला, नव्या काँक्रीटवर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघितलं. मग पान वाचलं आणि मालकाला नाही, आपल्याच माणसाला म्हणाला, "लिहिलंय ते बरोबर आहे." संध्याकाळी त्यांचा फोन आला. किंमत कमी करून मागितली, पण इंजिनिअरनं लिहिलेल्या खर्चाएवढीच.

गुरुवारी दोन घरं पुन्हा येणार होती, एक वास्तूवाल्याला घेऊन. कूलरची टाकी रिकामी केली, गवत सुकेपर्यंत नुसता पंखा चालवला. मग मेन स्विच बंद केला, ट्रॅपांत पाणी आणि तेल घातलं आणि कुलूप लावलं.