गाडीत तर सगळं एकत्रच होतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा प्रश्न हसण्यावारी नेते. ‘तू ओला-सुका कचरा इतका निगुतीने वेगळा करतेस आणि गाडीत तर सगळं एकत्रच ओततात. मग कशाला हा खटाटोप?’

ओततात, खरं आहे. नेहमी नाही, पण ओततात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली बादली तिथेच आपटावीशी वाटली होती. तक्रार केली, तिचं पुढे काही झालं नाही. तरी वेगळा करते, त्याचं कारण सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण शेडमध्ये घालवलेली एक सकाळ.

लांबलचक टेबलावर पिशव्या उपड्या होत होत्या. एकीतून वर्तमानपत्रांचा गठ्ठा निघाला, चांगला जाड. पण त्यावर कुणीतरी नासलेलं दूध ओतलं होतं. टेबलाशी उभ्या बाईंनी तो नुसता हुंगला आणि मागे भिरकावला. कोरडा असता तर रद्दी, भिजला म्हणून कचरा. तसे चार गठ्ठे तरी गेले असतील तासाभरात. त्यांची कमाई वजनावर होती, हे मला नंतर कळलं.

त्यांना विचारलं, सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? मला वाटलं डायपर म्हणतील, नाहीतर फुटकी काच. म्हणाल्या, ‘‘गाठ मारलेल्या पिशवीचा. हात घातल्याशिवाय आत काय आहे ते कळतच नाही.’’ तळहातावर जुने व्रण होते. दाखवले नाहीत त्यांनी, दिसले.

आता पर्यावरणाचं म्हणाल, तर तेही आहेच. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. खाली झिरपणारं काळं पाणी वेगळंच. पण हे ढीग कुणाच्या उशाशी असतात ते बघा. जुलै २०००मध्ये मनिलाजवळ पायातासचा कचऱ्याचा डोंगर पावसात ढासळला, दोनशेहून जास्त माणसं गेली. मार्च २०१७मध्ये इथिओपियात, अदिस अबाबातल्या कोशे इथे तेच, शंभरावर. बहुतेक जण ढिगाला खेटून राहणारे, त्यातलंच वेचून पोट भरणारे. शहराने ‘बाहेर’ टाकलेला कचरा त्यांच्या घरावर आला.

बरं, सगळा दोष तुमच्या-माझ्या डब्यावर ढकलणंही मला पटत नाही. त्या चकचकीत पुड्या घ्या. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं सहसा कुणाला परवडत नाही. मी दहा वेळा धुऊन वाळवून दिली तरी शेडमध्ये ती बाजूलाच पडते. ती तशी बनवायची हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि त्याला असं कुणी विचारत नाही की बाबा, तुझा हा खटाटोप कशाला? मी मात्र पुड्या धूत बसते. सवय, दुसरं काय.

काच वर्तमानपत्रात गुंडाळते, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहिते. पिशवीचं तोंड नुसतं दुमडते. परवा घाईत गाठ मारून गेली. खाली ठेवून अर्धा जिना चढले होते, परत उतरले आणि सोडली.