मैत्रीला निघालेल्याचे कुलमुखत्यारपत्र

बेळगावच्या दिवाणी न्यायालयात वकिली करणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा वाटणीचे दावे, बांधाचे तंटे आणि उताऱ्यावरील नावांच्या दुरुस्त्या येतात. त्यामुळे खानापूर तालुक्यातील माझे एक जुने पक्षकार मुलाला घेऊन कुलमुखत्यारपत्र करायला आले, तेव्हा मुलगा दुबईला नाहीतर मस्कतला निघाला असेल असेच मी धरून चाललो. उद्यमबागेतील एका कारखान्यात डिझेल जनित्रांची दुरुस्ती करणारा तो तरुण प्रत्यक्षात अंटार्क्टिकावरील 'मैत्री' या भारतीय केंद्रात हिवाळी तुकडीबरोबर राहण्यासाठी निवडला गेला होता. बांधाच्या दाव्यात बापलेक दोघेही वादी असल्याने त्याच्या गैरहजेरीत सह्यांचा अधिकार वडिलांना हवा होता.

मसुदा वाचून झाल्यावर वडिलांनी विचारले, "वकीलसाहेब, ह्यो जाणार ती जमीन कुणाची? उतारा कुणाच्या नावावर हाय?" 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

मी सांगितले, "काका, उतारा कुणाच्याच नावावर नाही, पण हक्क सांगणारे सात आहेत." मैत्री ज्या क्वीन मॉड लँडमध्ये आहे त्यावर नॉर्वेने 1939 साली हक्क सांगितला, भारताचे दुसरे केंद्र 'भारती' ऑस्ट्रेलियाच्या दाव्यातील भूभागात आहे, आणि द्वीपकल्पाच्या बाजूला ब्रिटन, अर्जेंटिना व चिली यांचे दावे एकमेकांवर चढलेले आहेत. 1 डिसेंबर 1959 रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये सही केलेल्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमाने हे दावे मान्यही केले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत. करार लागू असेपर्यंत तेथे केलेल्या कोणत्याही कृतीने कोणाचा हक्क बळकट होत नाही की बुडत नाही, आणि नवा दावाही करता येत नाही. 1978 साली अर्जेंटिनाने आपल्या तळावर मुद्दाम एका बाळाचा जन्म घडवून आणला, पण कायद्याच्या दृष्टीने त्याने दाव्यात काडीचीही भर पडली नाही. हे ऐकून काका मनापासून हसले आणि लगेच म्हणाले, "मग निकाल कधी?" निकाल कुणी मागितलेलाच नाही, हे उत्तर त्यांना पटले नाही. बेळगाव सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा 2004 सालचा दावा सर्वोच्च न्यायालयात कुठवर आला याची ज्यांनी वर्षानुवर्षे चौकशी केली आहे, त्यांना ते पटणारही नव्हते. माझे स्वतःचे मत असे की चौथे कलम हा न्याय नसून शहाणपणाची स्थगिती आहे, आणि ती टिकली ती तेथे कायमची वस्ती नाही म्हणून. पेंग्विनांना शाळेची भाषा कोणती हवी, हे कुणी विचारत नाही.

काकांच्या मनातील खरी भीती मात्र पुढच्या प्रश्नात होती. तेथे मारामारी झाली, कुणी मेले, तर पोलीस कुठले? तेथे कायदा जमिनीमागे नव्हे, माणसामागे जातो. कराराच्या आठव्या कलमानुसार निरीक्षक, देवाणघेवाणीतील शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी आपापल्या देशाच्याच अधिकाराखाली राहतात, आणि भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही आपला फौजदारी कायदा लागू होतो. 2018 साली किंग जॉर्ज बेटावरील रशियाच्या बेलिंग्सहाउझेन केंद्रात एकाने सहकाऱ्याला भोसकले, तेव्हा त्या बेटावर हक्क सांगणाऱ्या तीन देशांपैकी कुणीही खटला भरला नाही. संशयिताला रशियालाच नेण्यात आले.

मुलाचा प्रश्न वेगळा होता. 2048 साली करार संपणार आणि मग सगळे खाणी काढणार, असे त्याने कुठल्याशा चित्रफितीत ऐकले होते. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. कराराला मुदतच नाही. 1991 साली माद्रिद येथे झालेल्या पर्यावरणविषयक पूरक कराराने संशोधनाव्यतिरिक्त खनिजांच्या सर्व कामांना बंदी घातली, तो 1998 साली अमलात आला, आणि पन्नास वर्षांनंतर सल्लागार देशांपैकी, म्हणजे करारात निर्णयाचा अधिकार असलेल्या देशांपैकी, कुणालाही फेरविचाराची परिषद मागता येईल, एवढाच 2048 चा अर्थ आहे. खनिजांसाठी बंधनकारक पर्यायी व्यवस्था ठरल्याशिवाय तेव्हाही बंदी उठवता येणार नाही.

एवढ्यात त्याने संकोचत सांगितले की आईने सोबत न्यायला वृंदावनातली मूठभर माती आणि तुळशीच्या मंजिऱ्या बांधून ठेवल्या आहेत. मी भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, 2022 काढून समोर ठेवला. निर्जंतुक न केलेली माती तेथे नेण्यास त्यात मनाई आहे, आणि परकी वनस्पती परवान्याशिवाय नेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद व दहा ते पन्नास लाख रुपये दंड होऊ शकतो. मंजिऱ्यांत बी असते. आईला हे समजावण्याचे काम मी मुलावरच सोपवले. वकिलाने कुठे थांबावे हे त्याला कळले पाहिजे.

कागदाचे काम त्यामानाने सोपे होते, पण त्यात एक मेख होती. परदेशात राहणारा माणूस नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करू शकतो. मैत्रीवर यांपैकी काहीच नसल्याने जे काही करायचे ते निघण्यापूर्वीच उपनिबंधकासमोर उरकायला हवे होते. शिवाय कुलमुखत्याराला अर्ज करता येतात, तारखांना हजर राहता येते, पण केवळ मुलाला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींची साक्ष त्याच्या वतीने देता येत नाही, आणि बांधावरचा दगड हलवताना पाहिला होता तो मुलाने. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील सोळाव्या नियमाखाली, साक्षीदार न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर जाणार असल्याने त्याची साक्ष तत्काळ नोंदवावी, असा अर्ज मी दिला. कारणाच्या रकान्यात 'अंटार्क्टिका' वाचून न्यायाधीशांनी निवडीचे पत्र मागून घेतले आणि ते दोनदा वाचले. प्रतिपक्षाच्या वकिलांनी हरकत घेतली नाही, मात्र उलटतपासणी त्याच दिवशी व्हावी असा आग्रह धरला, आणि ती त्या दुपारी पूर्ण झाली.