रूबी मायर्सचा आवाज

मोबाइलवर नावाला बोट लावले की पलीकडचा माणूस बोलू लागतो, त्यामुळे पूर्वी मध्ये बसून फोन जोडून देणारी कोणी बाई असे, हे आता मुद्दाम सांगावे लागते. या टेलिफोन ऑपरेटर बाईला कोणी पाहिलेले नसे; लोकांच्या ओळखीचा असे तो फक्त तिचा आवाज. पुण्यात १९०७ साली एका बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेली रूबी मायर्स हेच काम करीत होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी चित्रपटात येण्याविषयी विचारले, तेव्हा तिने आधी नकारच दिला. सिनेमात काम करणे हे चांगल्या घरच्या मुलीचे लक्षण मानले जात नसे, त्या काळात यात नवल ते काय? पुढे तिचे मन वळले आणि १९२५ च्या ‘वीर बाला’पासून ती सुलोचना झाली. (आपल्या सुलोचनादीदी निराळ्या.)

आवाजावर पोट भरणारी ही मुलगी ज्या धंद्यात शिरली, तिथे आवाजाला कवडीचीही किंमत नव्हती. संवाद पाट्यांवर लिहून येत, पेटी-तबल्याची साथ चित्रपटगृहातच होई, आणि उरलेले सारे नटीला डोळ्यांनी आणि चालण्या-वळण्याने निभवावे लागे. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ सोंगे घेतली, त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचे उनाड पोर होते आणि केळी विकणारी म्हातारीसुद्धा होती. इंपीरियल फिल्म कंपनीत तिला महिना ५,००० रुपये मिळत. मुंबईच्या गव्हर्नरापेक्षाही तिचा पगार मोठा, असे लोक बोलत.

मग १९३१ साली त्याच इंपीरियलने ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट काढला आणि त्याची नायिका झाली झुबेदा. सुलोचनाला हिंदुस्थानी सफाईने बोलता येत नव्हते. एखादी मानिनी रुसून घरी बसली असती. हिने काम थांबवून भाषेचे धडे घेतले आणि आपलेच गाजलेले मूकपट पुन्हा, या वेळी बोलत, केले. ‘माधुरी’ १९३२ मध्ये आला, ‘इंदिरा बी.ए.’चा १९३४ मध्ये ‘इंदिरा एम.ए.’ झाला (बोलता येऊ लागल्यावर नायिकेची पदवीही वाढली!), आणि १९२८ ची ‘अनारकली’ १९३५ मध्ये बोलकी झाली. नव्या, गाणाऱ्या नायिका आल्यावर मात्र तिच्या वाट्याला हळूहळू छोट्या भूमिकाच उरल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, १९८३ मध्ये ती मुंबईत वारली, आणि त्या काळच्या बहुतेक मूकपटांच्या प्रतीही आज उरलेल्या नाहीत.

१९५३ ची ‘अनारकली’ मात्र आजही पाहता येते. सगळ्यांचे लक्ष बीना रॉयकडे असते, माझे जोधाबाईकडे जाते, कारण ती सुलोचना आहे. दोनदा स्वतः अनारकली झालेल्या बाईला तिसऱ्या खेपेला सलीमची आई होऊन त्याच्या प्रेमप्रकरणाची काळजी वाहावी लागली.